खोट न काढणारं गिऱ्हाईक

गडहिंग्लज

चि. सोनू,

काल फोनवर मी ‘थांब, कशाला हात लावू नको’ एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. मामा तुसड्यासारखा बोलला, असं तू अक्काला सांगितलंस म्हणे. अगं, तुझं ते गिऱ्हाईक त्या वेळी दुसऱ्या कॉलवर ताटकळत होतं. आधी त्याला तोडायचं होतं. कारणं सांगायला सवड लागते, ती आज आहे.

अक्कानं मला सांगितलं ते असं. पुण्यातली खोली सोडायची म्हणून तू फ्रिज विकायला ॲपवर टाकलास. नऊ हजार सांगितलेस. लगोलग फोन आला. माणूस म्हणाला, मी फौजेत आहे, पुण्यात बदली झालीय, फ्रिज न्यायला माणूस पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो. गणवेशातला फोटो आला, ओळखपत्र आलं. नवाचे साडेआठ कर असं तो एकदाही म्हणाला नाही. दार नीट लागतं का, बर्फ जमतो का, किती वर्षं वापरला, काही विचारलं नाही. मग म्हणाला, कोड पाठवतो, तो स्कॅन कर, पैसे तुझ्या खात्यात येतील.

मी अडत दुकानात दिवाणजी म्हणून उभी हयात काढली. इथल्या मार्केट यार्डात मिरचीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मिरची वर काढतो, देठ बघतो, ओल बघतो, तोंड वाकडं करतो. गुळाचा रवा घेणारा रंगाला नावं ठेवतो. बैल घेणारा दात बघतो, चालवून बघतो आणि एवढं झाल्यावर ‘आणखी हजार सोडा’ म्हणतो. ज्याला माल न्यायचा आहे तो खोट काढणारच, कारण पैसे त्याच्या खिशातले जाणार असतात. जो खोट काढत नाही, त्याच्या खिशातलं काही जाणार नसतं. तुझ्या गिऱ्हाइकाला फ्रिज नको होता, हे मला त्याचं ओळखपत्र न बघताच कळलं.

आता त्या कोडचं. त्या चौकोनी नक्षीत पैसे कुणाला द्यायचे त्याचा पत्ता असतो आणि कधी कधी रक्कमही भरलेली असते. म्हणजे स्कॅन करणारा देणारा झाला. चहाच्या गाड्यावर तू स्कॅन करतेस आणि पैसे चहावाल्याला मिळतात, याच्या उलट कधी झालेलं बघितलंस? तुला पैसे घ्यायचे असतील तर तुझा कोड त्यानं स्कॅन करायचा किंवा तुझ्या नंबरावर टाकायचे. तुझं काम तिथंच संपलं. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, मंजुरी लागत नाही, कुठली लिंक उघडावी लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. तुझा फोन बंद असला तरी पैसे खात्यात जमा होतात. पैसे मिळण्यासाठी कुणी तुला काही ‘करायला’ सांगतोय म्हटल्यावर तो पैसे देणारा नव्हे, इतकं पक्कं समज.

एक गोम मात्र आहे. शिल्लक बघायलाही पिन लागतो, आणि हे लोक नेमका तिथंच गोंधळ उडवतात. ‘आले का बघा मॅडम, पिन टाका’ असं बोलत राहतात आणि समोर उघडलेला असतो पैसे पाठवायचा पडदा. म्हणून शिल्लक बघायची ती फोन ठेवल्यावर, तेही बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये. आणि ‘मी मदत करतो, हे एक ॲप टाका’ म्हणून जो तुझा पडदा त्याच्याकडे दिसेल असं काही उतरवायला लावेल, त्याच्याशी पुढं एक शब्दही बोलू नको.

मध्यंतरी यूपीआयमध्ये एका माणसानं दुसऱ्याकडे पैसे ‘मागायची’ सोय होती. समोरचा पैसे पाठवतोय अशा समजुतीनं लोक ती मागणीच मंजूर करून बसायचे. इतके फसले की नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. दुकानदारांना आणि कंपन्यांना ती अजून आहे. तेव्हा ‘आता ते बंद झालंय’ म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

तू म्हणशील, मामा, मी इंजिनिअर आहे, मला कोण फसवणार? मग हे ऐक. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीनं जुना सोफा विकायला काढला होता. गिऱ्हाइकानं खात्री म्हणून आधी किरकोळ रक्कम पाठवली आणि ती खरोखर जमा झाली. मग कोड आला, आणि २०,००० गेले. ‘चुकीचा कोड गेला’ म्हणून त्यानं दुसरा पाठवला, त्यात आणखी १४,००० गेले. ती मुलगी आयआयटीत शिकलेली. मला यात खरा शिकण्यासारखा भाग वाटतो तो पहिल्या किरकोळ रकमेचा. इकडं सौद्यात इसार घेतला की बोलणं पक्कं, असं आपल्या हाडात भिनलंय. दहा रुपये आले की आपल्याला इसार आल्यासारखं वाटतं. तो इसार नव्हे, आमिष आहे. आणि एकदा पैसे गेले की ते परत मिळवायच्या घाईत माणूस दुसऱ्यांदा फसतो. तुझ्याही बाबतीत ‘आधी दहा रुपये टाकून बघतो’ असं तो म्हणाला होताच, असं अक्का म्हणाली.

फौजीचं सोंगही उगीच घेतलेलं नाही. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये ‘बी-अवेअर’ नावाची पुस्तिका काढली, तीत जुन्या वस्तू विकणाऱ्यांना लुबाडण्याच्या प्रकारात हे सोंग स्पष्ट लिहिलंय: लांब कुठं तरी नेमणूक असलेला सैनिक असल्याचं सांगायचं. म्हणजे तो येऊ शकत नाही याला कारण मिळालं, आणि त्याच्यावर शंका घ्यायची आपल्याला लाजही वाटली. आपल्या भागात तर जास्तच. गडहिंग्लज, आजरा, चंदगडातल्या कितीतरी घरांतली पोरं भरतीला धावतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, हाकेच्या अंतरावर. गणवेश दिसला की आपण उठून खुर्ची देणारी माणसं. म्हणूनच सांगतो, खरा फौजी आपलं ओळखपत्र अनोळखी पोरीला व्हॉट्सॲपवर पाठवत बसत नाही. तो फोटो बहुधा आणखी कुणाचा तरी ढापलेला असतो, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

आणखी एक प्रकार. ‘तुमच्या खात्यात ९०,००० जमा’ असा मेसेज येतो, पाठोपाठ रडवेला फोन: एक शून्य जास्त पडलं, एक्क्याऐंशी हजार परत करा, बायको दवाखान्यात आहे. मेसेज साध्या मोबाइल नंबरावरून आलेला असतो, खात्यात काहीच नसतं. पैसे पोचल्याचे खोटे पडदे दाखवणारी ॲपं आहेत, त्यामुळं स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. आणि समजा खरंच जास्त आले, तरी तू आपल्या हातानं परत पाठवायचे नाहीत. ‘तुमच्या बँकेत अर्ज करा’ म्हणायचं आणि आपल्या बँकेला कळवायचं.

कारण यातला सगळ्यांत वाईट प्रकार असा की पैसे खरे येतात. दुसऱ्या कुणाला लुबाडून मिळवलेली रक्कम तुझ्या फ्रिजपोटी तुला दिली जाते आणि माल घेऊन माणूस पसार होतो. पुढं त्या लुटलेल्या माणसाची तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत तुझ्या खात्यापर्यंत येतात. ती रक्कम बँक रोखून धरते, कधी पूर्ण खातंच गोठतं, आणि परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. नऊ हजारांपायी पगार अडकायचा. म्हणून न्यायला येणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावच्या खात्यातूनच पैसे घ्यायचे. ‘मित्र टाकतोय’, ‘मेव्हणा टाकतोय’ चालायचं नाही. विक्रीसाठी एक वेगळं खातं ठेव, त्यात हजार-पाचशेच असू देत, आणि तेवढंच यूपीआयला जोड. पगाराचं खातं या भानगडीत नको.

कधी हात पोळलेच तर लाजून गप्प बसू नको. ताबडतोब १९३० ला फोन, मग बँकेला, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेव. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जातात. वाटेत अडवता आले तरच काही हाती लागतं, म्हणून पहिला तास मोलाचा. बँक भरून देईल या भरवशावर राहू नको. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला तो असा: बाहेरच्या कुणी परस्पर पैसे उडवले आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर तुझ्यावर भार नाही. पण ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीनं गेलं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. आणि इथं पिन तूच टाकलेला असतो. विकणाऱ्याची फसवणूक निस्तरायला एवढी अवघड जाते ती याच मुद्द्यावर.

फ्रिजचं असं कर. जाहिरातीत ‘घरी येऊन बघून न्यावा’ एवढी ओळ घाल, निम्मे भामटे तिथंच गळतील. गिऱ्हाईक येईल तेव्हा मैत्रिणीला सोबत ठेव, खोलीत एकटी असू नको. पैसे आधी, ते खात्यात दिसले की मगच फ्रिज जिन्यावरून खाली. दोन ओळींची पावती कर, त्याची सही, नंबर, टेम्पोचा नंबर घे. जुना लॅपटॉपही काढणार आहेस असं ऐकलं. त्यातलं सगळं पुसल्याशिवाय आणि तुझ्या खात्यांतून लॉग आउट केल्याशिवाय तो दाखवायलासुद्धा काढू नको.

दाजींची स्प्लेंडर मात्र ॲपवर टाकू नको, तिला मी इथंच बघतो. आपल्या गल्लीतल्या गवंड्याच्या पोराला हवी आहे. परवा येऊन त्यानं चेन बघितली, टायर बघितले, सायलेन्सर गंजलाय म्हणाला, किक मारून कानाशी हात नेला आणि मी सांगितलेल्या आकड्यातले सहा हजार एका दमात पाडले. मामी म्हणाली, देऊन टाका. मी म्हटलं, आणखी चार दिवस जाऊ देत. आरसी बुक अक्काच्या कपाटात आहे का ते तिला विचार आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे असताना त्यांवर कुणाला सही करू देऊ नको. पैसे आले की मी स्वतः ते फॉर्म घेऊन येतो.

तुझा
मामा