समाजमाध्यमांची नियमावली आणि ऑनलाइन प्रशिक्षणाची रचना

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, आरोग्यसेविका, तलाठी, एसटीचे वाहक म्हणून सेवेत आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या घराण्यातील ही पहिलीच नोकरी. मोबाइलवरून घाईने पाठविलेल्या एका मजकुराने ती धोक्यात येऊ नये आणि त्या मजकुराने दुसऱ्या कोणाचेही आयुष्य दुखावू नये, हा या लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराबाबत शासन निर्णय काढला. स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळे आणि कंत्राटी कर्मचारी यांनाही तो लागू आहे. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागदपत्रे परवानगीवाचून प्रसारित करू नयेत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, बदली होताच कार्यालयीन खाते रीतसर सोपवावे, अशा त्यातील सूचना आहेत. उल्लंघन केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

असा आदेश बहुधा गटावर येतो, त्याखाली अंगठ्याची चिन्हे उमटतात आणि विषय संपतो. ऑनलाइन प्रशिक्षणाचेही तसेच होऊ शकते. ‘पुढे’ हे बटण दाबत गेले की शेवटी प्रमाणपत्र हाती येते, परंतु सवय बदलत नाही. म्हणून प्रशिक्षणाची रचना करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१. आरंभ कलमाने न करता प्रसंगाने करावा. समजा, एखाद्या निवासी शाळेतील बालिकेवर अत्याचार झाल्याची बातमी येते. सहकारी संतापून तिचे छायाचित्र व शाळेचे नाव ‘न्याय मिळावा’ म्हणून गटावर टाकतो. आपण काय कराल? पुढे पाठवाल, गप्प बसाल की आणखी काही? शिकणाऱ्याने आधी निवड करावी, मगच उत्तर उघडावे.

२. उत्तरासोबत कारण द्यावे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर यांपैकी ओळख पटविणारे काहीही माध्यमांतून उघड करता येत नाही. हेतू चांगला असला तरी ती ओळख गावभर होते आणि मुलीला त्याच गावात वाढायचे असते. मात्र गप्प बसणे हेही उत्तर नव्हे. कलम १९ नुसार घटना पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, तसेच १०९८ या बालमदत क्रमांकावरही साहाय्य मिळते. प्रसारित करू नये, पण कळवावेच. हे दोन्ही एकाच प्रसंगातून मनावर ठसते.

३. काय करता येते, तेही स्पष्ट सांगावे. केवळ निषेधांची यादी माणसाला भित्रा करते. वरील शासन निर्णयानुसार कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲपसारखी साधने वापरता येतात. योजनेच्या यशाविषयी लिहिता येते, फक्त त्यात आत्मप्रशंसा नसावी. टीकेवरील बंधनाविषयी मतभेद असू शकतात आणि ज्या समाजाने बोलण्याचा अधिकार संघर्षाने मिळविला, त्याला ते बंधन अधिक खुपणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रशिक्षणाने हा प्रश्न टाळू नये. नियम काय आहे, तक्रार कोणाकडे व कशी लेखी द्यावी, त्याची पोच कशी घ्यावी, हे शिकवावे. त्यायोगे अन्यायाविरुद्धचा आवाज टिकतो आणि नोकरीही टिकते.

४. परिस्थितीचे भान ठेवावे. झरी-जामणी वा मारेगाव तालुक्यातील कोलाम पोडांवर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला तासाभराचे चलच्चित्र पाहण्यास ना सवड, ना नेटवर्क. तिच्यासाठी पाच-सात मिनिटांचे पाठ, सोपी मराठी आणि एकदा उतरवून घेऊन नंतर ऐकता येईल असा ध्वनिपाठ उपयुक्त ठरतो.

५. उजळणी करावी. एका पाठात एकच प्रसंग असावा. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने वेगळ्या प्रसंगातून तोच नियम विचारावा. यशाचे माप प्रमाणपत्रांच्या संख्येवर ठरवू नये. छायाचित्र टाकण्यापूर्वी किती जण विचारू लागले, चुकीचा मजकूर किती जणांनी स्वतःहून मागे घेतला, हे पाहावे.

असे पाठ तयार करण्यास मोठा खर्च लागत नाही. सेवेत असलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने नावे वगळून आपल्या कामातील एक प्रसंग लिहून दिला, तरी त्यांतून उत्तम पाठमाला उभी राहील. तिचा पहिला उपयोग आपल्याच शाळेतील कर्मचाऱ्यांसाठी व्हावा, कारण पालकांनी विश्वासाने सोपविलेली मुले येथेच राहतात.