मागच्या अंगणात परमिट रूम?

प्रश्न : पुण्यात आमचं परमिट रूमचं हॉटेल आहे. मागच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडून तिथेही मद्य देता येईल का?

उत्तर : आज तरी नाही. तुमचा एफएल-३ परवाना मंजूर नकाशातल्या जागेपुरताच आहे. त्या रेषेबाहेर बिअरचा एक मग दिलात तरी नियमभंग. वाढीव जागेसाठी सुधारित नकाशा जोडून राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करा आणि लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय टेबलं लावू नका.

खरी गाठ मात्र महापालिकेत पडते. ती जागा इमारतीच्या नकाशात सामासिक अंतर म्हणून दाखवलेली असेल, तर ती मोकळीच ठेवावी लागते. आग लागली तर बंब तिथूनच फिरणार. शेड तर टाकूच नका. भाडेकरारही काढून बघा. बहुतेक करारांत नुसता गाळा लिहिलेला असतो, अंगणाचा उल्लेखच नसतो. तसं असेल तर मालकाकडून किंवा सोसायटीकडून आधी लिहून घ्या, नाहीतर पहिली तक्रार वरच्या मजल्यावरूनच येईल.

समोरच्या फुटपाथचा विचार मनात असेल, तर तो सोडा. आणि वयाची अट अंगणातही तीच : बिअर-वाइनला २१, कडक मद्याला २५.