बाई, एकीला जाऊ?

अगं, आधी तो कपाळावरचा हात काढ बघू. नवी नोकरी, दुसरीचा वर्ग, समोर पन्नासच्या वर चिल्लीपिल्ली. हातच्याची बेरीज फळ्यावर मांडेपर्यंत मागून आवाज येतोच, "बाई, एकीला जाऊ?" एकाला सोडलं की पाठोपाठ सात करंगळ्या वर. नाही सोडलं तर एखादं पोर मांड्या आवळून बसतं आणि तुझं अर्धं लक्ष त्याच्याकडे. वर मुख्याध्यापकांचं फर्मान, तास चालू असताना व्हरांड्यात कोणी दिसता कामा नये. संध्याकाळी एखाद्या आईचा फोन, "माझ्या लेकीला तुम्ही सोडलं नाहीत म्हणे." चहूकडून तूच दोषी. माहितेय गं मला सगळं.

खरं सांगू का, माझं उत्तर एका शब्दाचं आहे. सोडायचं. मुलाने विचारलं की सोडायचं. "आत्ताच तर मधली सुट्टी झाली", "घंटा होऊ दे", "तुला बरी गणितालाच येते" यातलं काही म्हणजे काही बोलायचं नाही. शिस्त लावायची तर मुलांच्या जाण्यायेण्याला लाव, त्यांच्या लघवीला नको. दूध उतू जायला लागलं की त्याला "थांब, हातातलं काम उरकू दे" सांगून भागतं का?

सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात मावतं तरी किती, ठाऊक आहे? डॉक्टरांचा एक सोपा हिशेब असतो. वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं, साधारण तेवढे मिलिलिटर. म्हणजे तुझ्या वर्गातल्या पोराचे २४०, एक मोठा पेला. दिवसातून चार ते सात वेळा जाणं या वयात अगदी नेहमीचं. त्यातून सकाळच्या शाळेचं मूल साडेसहाला डोळे चोळत रिक्षात बसलेलं असतं, घरी गेलं होतं की नाही देव जाणे. आणि या वयातली मुलं खेळात, गोष्टीत रमली की शेवटपर्यंत टाळतात. त्यामुळे ती "जाऊ का" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वेळ संपतच आलेली असते. त्यांना पाच मिनिटं थांब म्हणणं सोपं, पण ती पाच मिनिटं त्यांच्याकडे नसतात.

दाबून ठेवायची रोजचीच सवय लागली की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मागे उरलेल्या लघवीत जंतूंचं फावतं. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून जळजळ आणि ताप त्यांच्या वाट्याला जास्त. शी दाबली तर बद्धकोष्ठ होतं, भरलेलं आतडं मूत्राशयाला रेटतं आणि तेच पोर आणखी वरचेवर करंगळी दाखवतं. म्हणजे अडवून अडवून आपणच फेऱ्या वाढवतो! शिवाय मुलं यावर स्वतःचा उपाय काढतात, ती पाणी प्यायचंच सोडतात. संध्याकाळी बाटली जशीच्या तशी भरलेली घरी परत जाते ती त्यामुळे. तुझ्या वर्गात अशा किती बाटल्या आहेत, एकदा बघ.

आता तू म्हणशील, "ताई, ते सगळं खरं, पण पन्नास जण निघाले तर शिकवू कधी?" बरोबर आहे. म्हणून दाराजवळ दोन खिळे ठोक. एकावर मुलांची पट्टी, एकावर मुलींच्या दोन. ज्याला जायचं त्याने करंगळी दाखवायची, तू नुसती मान हलवायचीस. तोंडाने काही विचारायचं नाही, म्हणजे तुझं वाक्यही तुटत नाही आणि बाकीच्यांना आठवणही होत नाही. पट्टी गळ्यात घालून जायचं, परत आल्यावर खिळ्याला लावायची, मग पुढच्याने उठायचं. फक्त पट्टी जाड पुठ्ठ्याची कर. मी हौसेने लाकडी केली होती, तर व्हरांड्यात दोन मावळ्यांची तलवारबाजी सुरू झाली. आणि ज्याला खरंच निभत नाही त्याला पट्टी लागू नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. घाई झाली तर उठायचं आणि पळायचं.

तरी कधीतरी बाकाखाली ओघळ येणारच. त्यावेळी तुझा चेहरा महत्त्वाचा. "अरेच्चा, बाटली सांडली वाटतं," म्हणायचं, वर्गाला पुस्तक काढायला लावायचं आणि त्या पोराला मावशींबरोबर बाहेर न्यायचं. कपाटात दोन-तीन जुन्या चड्ड्या, एक पेटीकोट, रद्दी आणि फडकं ठेवून दे. घरी निरोप द्यायचा तो आईला बाजूला घेऊन, फाटकापाशी चार बायकांसमोर नाही. वर्गात ओल्या झालेल्या चड्डीची आठवण माणूस साठीतही विसरत नाही गं.

हजेरीपटाच्या मागच्या पानावर कोण कधी गेलं याची बारीकशी खूण करत जा. पोरांना पकडायला नव्हे, समजून घ्यायला. एखादा फक्त गणिताच्या तासालाच जात असेल, तर त्याला लघवी नाही, गणित छळतंय. त्याला अडवू नकोस, वजाबाकी शिकव. एखादी पहिल्याच तासाला जाते, तर तिच्या आईला दहा मिनिटं आधी उठवायला सांग. एखादं मूल दर तासाला जातंय, सारखं पाणी पितंय, वाळत चाललंय आणि रात्री परत अंथरूण ओलं करू लागलंय असं कळलं, तर त्याच दिवशी पालकांना डॉक्टरकडे पाठव. लहान मुलांचा मधुमेह असाच डोकं वर काढतो आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. जळजळ, ताप, पोटात दुखणं असेल तरी डॉक्टरच. आणि जे मूल दिवसभरात एकदाही जात नाही, त्याच्याकडे सगळ्यात आधी बघ. ते शहाणं नसतं, घाबरलेलं असतं.

कशाला घाबरतं, ते कळायला एक काम कर. मुलांच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन ये, आपल्या स्टाफच्या नव्हे. दाराला कडी आहे का, ती सात वर्षांच्या हाताला पोचते का, नळाला पाणी आहे का, आत उजेड आहे का, मोठी मुलं दारात टवाळक्या करत उभी असतात का. नाक मुठीत धरून जावं लागलं, तर उत्तर मिळालंच.

पाचवी-सहावीपासून काही मुलींची पाळी सुरू होते, त्यांच्या वर्गावर बदली तास आला तर लक्षात ठेव. त्या उठल्या की चाळीस डोळ्यांसमोर "कशाला?" विचारायचं नाही. कपाटात पॅड ठेव, कुठे आहेत ते सगळ्या मुलींना सांगून ठेव आणि स्टाफरूममधल्या सरांनाही हे समजावून सांग. सर लोक लाजतात, पण सांगितलं की ऐकतात.

लहानग्या पोरींना एकटं पाठवायची भीती वाटते म्हणतेस, ती अगदी रास्त आहे. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतच चिमुरड्या मुलींवर जे अत्याचार झाले, त्यानंतर कुठल्या बाईला वाटणार नाही? पण बघ, भीती आहे म्हणून पोरींना बाकावर बसवून ठेवणं हा उपाय नाही. मुलींच्या दोन पट्ट्या सांगितल्या त्या यासाठीच, त्यांनी जोडीनेच जायचं. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे काम करणारी बाईच हवी, हा आग्रह सोडू नकोस. आणि पाच-सात मिनिटांत परत आल्या नाहीत तर फळा सोडून बघायला जायचं. शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांतून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली, ती तुमच्याकडे कागदावर आहे की खरोखर बसते, तेही विचार.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्याशी भांडू नकोस गं. त्यांना धास्ती असते, कोणी जिन्यात पडलं, भिंतीवरून उडी मारून गेलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणून गाऱ्हाणं घेऊन जाऊ नकोस, हिशेब घेऊन जा. समज, शाळेत २०० मुली आणि दोन संडास. मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं त्यासाठी धरली आणि एकीला दोन मिनिटं लागली, तर दहा मुली जाऊन येतात. उरलेल्या १९० कधी जाणार? तास चालू असतानाच ना! म्हणजे तासाला उठणारी पोरं बेशिस्त नाहीत, आपली सुट्टीच अपुरी आहे. स्वच्छ विद्यालय मोहिमेत ४० मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असाव्यात असं धरलं होतं, त्याच्याशी तुमच्या शाळेचा आकडा ताडून बघ.

मग त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेव. एक, दुसऱ्या तासानंतर लघवीची छोटी सुट्टी, आणि ती सगळ्या वर्गांना एकदम न देता पाच-पाच मिनिटांच्या फरकाने. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये मुलांनी पाणी प्यावं म्हणून खास घंटा सुरू केली होती, तीही याला जोडता येईल. दुसरी, कडी, नळ आणि दिव्याची दुरुस्ती. सरकारी शाळा असेल तर 'समग्र शिक्षा' योजनेतून येणाऱ्या वार्षिक शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठीच असतो. ते फार लांबण लावू लागले तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्यायला लाव. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. एकदा त्या आयांनी संडास पाहिला की पुढचं काम त्या करतात. याच २००९ च्या कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केलीत आणि कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केलीय. कळवळणाऱ्या पोराला मुद्दाम बसवून ठेवणं माझ्या मते त्यातच मोडतं. पण हे कलम पहिल्या भेटीत काढू नकोस, चहा गार होईपर्यंत गोड बोल.

आता तुझ्याबद्दल. तू स्वतः दिवसभरात कधी जातेस? गप्प बसलीस ना! आपण बाया सकाळी सातपासून एकपर्यंत दाबून बसतो, घोटभर पाणीसुद्धा जपून पितो आणि त्यालाच कामसूपणा समजतो. बायकांच्या मुताऱ्यांसाठी मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ उभी करावी लागली, ती काही उगीच नाही. आणि बघ, जी बाई स्वतः दाबून बसायला शिकलेली असते, तिलाच पोरांची घाई नाटकी वाटायला लागते. म्हणून शेजारच्या वर्गातल्या बाईंशी ठरवून टाक. तू गेलीस की त्या दोन्ही वर्गांच्या मधल्या दारात उभ्या राहतील, त्या गेल्या की तू.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही, आणि तसं करायचंही नाही. उद्या फक्त खिळे आणि पट्ट्या. आठवडाभर तुझ्या वर्गात चालवून दाखव, मग हिशेबाचा कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. पहिले दोन-तीन दिवस सगळा वर्ग नव्या पट्टीच्या हौसेने जाऊन येईल, घाबरू नकोस, हौस फिटते. पन्नास पोरांची नावं पंधरवड्यात पाठ केलीस तू, तुला हे जड नाही. आणि काही अडलंच तर फोन कर, पण रात्री नऊनंतर. तोवर माझा कुकर चालू असतो आणि मला धड ऐकू येत नाही.