एसटीडी कोडची शीव आणि लोकल फोन

एसटीडी कोड म्हणजे जिल्ह्याचा क्रमांक, अशी समजूत नांदेड-लातूरकडे सर्रास आढळते आणि लँडलाइनच्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ याच समजुतीत आहे. वस्तुतः हा कोड ‘अल्प अंतर आकारणी क्षेत्रा’चा, म्हणजे ज्या टापूतले फोन एकमेकांना लोकल धरले जातात त्या टापूचा असतो. लातूर जिल्ह्यात असे पाच कोड आहेत: लातूर 02382, अहमदपूर 02381, औसा 02383, निलंगा 02384 आणि उदगीर 02385. नांदेड शहराचा 02462, तर देगलूरचा 02463 आणि कंधारचा 02466. महसुली नकाशा बदलला म्हणून ही शीव हलत नाही. अर्धापूर, मुदखेड हे तालुके पुढे झाले, तरी त्यांना स्वतंत्र कोड मिळाला नाही.

क्रमांक अपुरे पडले की अमेरिकेत पूर्वी एका कोडचे दोन कोड करीत. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीतील एडिसनचा कोड अशाच विभागणीत 1997 मध्ये 908 चा 732 झाला. आपल्याकडे कोड जागचा हलला नाही, मागचा क्रमांक लांबत गेला. 2003 च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेच्या सुमारास सरकारी कंपनीच्या क्रमांकांआधी 2 लागला, पाच आकड्यांचे सहा झाले आणि आरंभीचा शून्य सोडून कोड व क्रमांक मिळून दहा आकडे भरू लागले. मुंबईत 22 नंतर आठ, छत्रपती संभाजीनगरात 240 नंतर सात आणि नांदेडात 2462 नंतर सहा आकडे येतात, ते या हिशेबानेच. आडत दुकानांच्या पावत्यांवर ‘दु.’ आणि ‘घर’ अशा दोन जुन्या क्रमांकांपुढे शाईने लिहिलेला 2 त्या काळी पुष्कळ ठिकाणी दिसे. ज्यांनी तेवढेही केले नाही, त्यांचे गिऱ्हाईक मुकाट्याने दुसऱ्या दुकानाकडे वळले.

खरा धोका मात्र अर्धवट क्रमांकाचा आहे. सहा आकड्यांचा तोच क्रमांक लातुरातही असू शकतो आणि उदगिरातही. त्यामुळे उदगीरच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर कोड छापलेला नसेल आणि लातूरहून कोणी नुसते सहा आकडे फिरवले, तर फोन लागतो, घंटा वाजते, पण लातुरातल्याच भलत्या घरी. लागलेला फोन चुकीचा आहे हे कळेपर्यंत, विशेषतः रात्री रुग्ण घेऊन निघालेल्या माणसाचा, मोलाचा वेळ जातो. औसा लातूरपासून सुमारे 20 किलोमीटरवर असले, तरी तिथला फोन लावताना मुंबईइतकाच पूर्ण कोड लागतो. दर स्वस्त झाला म्हणून फिरवण्याची रीत बदलत नाही, ही बाब फार थोड्यांच्या ध्यानात राहते. मोबाइलला तर लोकल टापूच नसतो, म्हणून नांदेडात उभे राहून नांदेडचीच लँडलाइन लावतानाही 02462 आवश्यक ठरतो.

त्यामुळे पाटीवर, पावतीवर, लग्नपत्रिकेवर क्रमांक नेहमी कोडसह लिहावा आणि कोडनंतर आडवी रेघ द्यावी, म्हणजे कुठून काय फिरवायचे हे वाचणाऱ्याला उमगते. परदेशातील नातेवाइकांना देताना सुरुवातीचा शून्य गाळून +91 2462 असा आरंभ करावा. लँडलाइनवरून मोबाइल लावताना 15 जानेवारी 2021 पासून आधी शून्य लागतो. जिथे ईपीएबीएक्स आहे, तिथे बाहेरची लाइन घेण्याचा आकडा वेगळा आणि हा शून्य वेगळा, हे नव्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते, अन्यथा तो एकच शून्य दाबून वाट पाहत राहतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये अशी शिफारस केली की, लँडलाइनवरून लँडलाइनला लावलेला फोन गावातलाच असला तरी शून्य, कोड आणि क्रमांक असे सारे फिरवावे. या पद्धतीत प्रत्यक्ष क्रमांक कुणाचाच बदलत नाही, पण फोनच्या यंत्रात साठवलेले सहा आकडी क्रमांक, धोक्याच्या घंटेची आपोआप फोन लावणारी उपकरणे आणि कॉल वळवण्याच्या सोयी जुन्याच रीतीवर राहिल्या, तर त्या निरुपयोगी होतील. म्हणून असे क्रमांक पूर्ण स्वरूपात भरून घ्यावेत आणि एक फोन गावातून, एक शेजारच्या कोडमधून व एक मोबाइलवरून लावून तिन्ही योग्य जागी लागतात, याची खातरी करावी.