एकदिवसीय क्रिकेटमधील धावांची महागाई

वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निर्देशांक हे प्रकरण शिकावेच लागते. त्याचे सार असे की, दोन निरनिराळ्या काळांतील रुपयांची थेट तुलना करू नये. आमच्या गुडीहत्नूर भागात कापसाचा जुना भाव आणि आजचा भाव नुसते शेजारी-शेजारी मांडले, तर शेतकरी श्रीमंत झाला असेच वाटेल. बियाणे, खते आणि मजुरी किती चढली हे पाहिल्यावर मात्र खरे चित्र दिसते. क्रिकेटच्या विक्रमांबाबत हा साधा नियम आपण विसरतो. २६४ धावा १८९ पेक्षा मोठ्या, एवढ्यावर आपला वाद मिटतो. वीस षटकांच्या क्रिकेटने एकदिवसीय सामन्यातील धावांचा भाव कसा बदलला आणि जुन्या-नव्या विक्रमांची तुलना कशी करावी, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम जुना काळ पाहू. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारत आपला पहिला एकदिवसीय सामना १९७४ साली लीड्सला खेळला. पुढच्याच वर्षी, ७ जून १९७५ रोजी, लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल भारताने तेवढ्याच षटकांत ३ बाद १३२ केल्या. सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावा काढून नाबाद राहिला. या खेळीची थट्टा आजही होते. परंतु त्याच गावसकरने ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या शेजारच्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. गटात पहिले येण्यासाठी भारताला धावा वेगाने हव्या होत्या आणि २२२ चे लक्ष्य ३२.१ षटकांतच पार झाले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेगाने धावा काढण्याचे कसब पूर्वीही होते. मागणी मात्र क्वचित होती.

ही मागणी कायमची कशी झाली? येथे थोडे गणित करावे लागेल. संघाजवळ दोन प्रकारचे भांडवल असते : दहा गडी आणि ठरावीक चेंडू. ६० षटकांच्या सामन्यात एका गड्यामागे ३६ चेंडू येतात, ५० षटकांत ३० आणि २० षटकांत केवळ १२. म्हणजे डाव जितका लहान, तितका चेंडू महाग आणि गडी स्वस्त. २००३ साली इंग्लंडमध्ये वीस षटकांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, २००८ साली आपल्याकडे आयपीएल आली. फलंदाज वर्षातले कित्येक आठवडे हा नवा हिशेब गिरवू लागले आणि एकदिवसीय सामन्यातही तोच घेऊन उतरले.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ पासून पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात ४०० धावा कोणत्याच संघाला जमल्या नव्हत्या. १२ मार्च २००६ रोजी जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाने ४३४ केल्या आणि त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेने ४३८ करून सामना जिंकला. २०१० साली ग्वाल्हेरला सचिन तेंडुलकरने पुरुषांतील पहिले द्विशतक केले. जन्माने नागपूरच्या रोहित शर्माने १३ नोव्हेंबर २०१४ रोजी कोलकात्यात २६४ धावांचा विक्रम रचला. ही खेळी नीट उलगडून पाहण्यासारखी आहे. त्याच्या पहिल्या शंभर धावांना १०० चेंडू लागले. उरलेल्या १६४ धावा ७३ चेंडूंत आल्या. आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात ब्रेंडन मॅक्युलमने १५८ धावा काढल्या होत्या, त्याही ७३ चेंडूंतच! म्हणजे रोहितने आधी जुन्या पद्धतीने भांडवल जपले आणि मग त्यावर वीस षटकांचा एक पूर्ण डाव रचला.

तथापि सर्व श्रेय वीस षटकांच्या खेळाला देणे हिशेबाला धरून होणार नाही. शाहिद आफ्रिदीचे ३७ चेंडूंतील शतक १९९६ चे. एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक तर एका महिलेचे आहे : ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डिसेंबर १९९७ मध्ये मुंबईत डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. शिवाय नियमही बदलले. २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगवेगळे नवे चेंडू आले, त्यामुळे जुना चेंडू उलटा फिरवण्याची गोलंदाजाची कला मागे पडली. २०१२ पासून वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवता येऊ लागले. रोहितचा विक्रम याच नियमांखालचा. पण २०१५ साली शेवटच्या दहा षटकांसाठी पाचवा क्षेत्ररक्षक परत मिळूनही इंग्लंडने २०२२ साली नेदरलँड्सविरुद्ध ४९८ धावा केल्या. म्हणजे नियम हे एक कारण आहे, फलंदाजाची बदललेली वृत्ती हे दुसरे.

आता निर्देशांकाकडे वळू. संघाची धावसंख्या आधार धरून फलंदाजाचा वाटा काढला, तर पुढील चित्र दिसते :

व्हिव्ह रिचर्ड्स (१९८४) : २७२ पैकी १८९, सुमारे ६९.५ टक्के
कपिल देव (१९८३) : २६६ पैकी १७५, सुमारे ६५.८ टक्के
रोहित शर्मा (२०१४) : ४०४ पैकी २६४, सुमारे ६५.३ टक्के
सचिन तेंडुलकर (२०१०) : ४०१ पैकी २००, सुमारे ४९.९ टक्के

७५ धावांनी मागे असलेला रिचर्ड्स येथे पहिला येतो आणि कपिल व रोहित जवळजवळ बरोबरीत उभे राहतात. अर्थात हे मापही परिपूर्ण नाही. दुसऱ्या टोकाचे साथीदार चांगले खेळले तर फलंदाजाचा वाटा आपोआप घटतो, आणि सचिनच्या बाबतीत तसेच झाले. तरीसुद्धा नुसत्या आकड्यापेक्षा हे माप अधिक न्याय देते.

या न्यायाची खरी गरज गोलंदाजांना आहे. आज दहा षटकांत ५५ धावा देणाऱ्याला ‘महागडा’ म्हणण्यापूर्वी त्या डावात इतरांनी किती दिल्या ते पाहावे. जुलै २०२५ पासून पस्तिसाव्या षटकापासून पुढे एकच चेंडू वापरण्याचा नियम आला आहे. गोलंदाजांचे नुकसान किंचित भरून काढण्याचाच हा प्रयत्न आहे.

गावोगावच्या आठ-दहा षटकांच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत वाढलेल्या आपल्या पिढीला गडी स्वस्तच वाटणार. म्हणून वडीलधाऱ्यांशी क्रिकेटवर वाद घालताना कोणताही विक्रम सांगू तेव्हा साल, संघाच्या एकूण धावा, खेळलेले चेंडू आणि त्या वेळचे नियमही सोबत सांगावेत. १९७५ चा रुपया आपण आजच्या रुपयाने मोजत नाही. १९७५ ची धाव तरी आजच्या धावेने का मोजावी?