आर.व्ही.मध्ये झोपण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन भाड्याच्या आर.व्ही.तून यलोस्टोनला निघालो होतो. वाटेत एका रात्री फार उकडत होतं, म्हणून ए.सी.साठी जनरेटर चालूच ठेवला. पहाटे आईचं डोकं दुखू लागलं, धाकटीला मळमळलं. आम्ही म्हटलं, प्रवासाचा शीण! तेवढ्यात अलार्म वाजला. सगळे बाहेर पळालो, ९११ला फोन केला. इस्पितळात दोघींना प्राणवायू दिला. जनरेटरच्या धुराड्याला तडा होता.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गाडी ताब्यात घेतानाच अलार्मचं बटण दाबून पाहा, त्यामागची तारीख वाचा; मुदत संपलेला अलार्म बदलून मागा. झोपताना जनरेटर बंद ठेवा. उन्हाळ्यात वीजजोडणीची जागा घ्यावी, भाडं थोडं जास्त पडतं इतकंच.