इंजिन स्वस्त पडतं, जोडणी महाग पडते

जुन्या जीपचं इंजिन बसलं की मालक पहिला प्रश्न विचारतो, 'दुसरं इंजिन केवढ्याला पडेल?' कुर्ल्याच्या बाजारात त्याला भाव कळतो, घासाघीस करून तो इंजिन टेम्पोत घालून आणतो आणि मग मिस्त्री सांगतो की हे आपल्या गिअरबॉक्सला बसत नाही. खरा खर्च तिथून सुरू होतो. इंजिनचा मागचा चेहरा आणि गिअरबॉक्सचा पुढचा चेहरा यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते, पण अख्ख्या कामाचं यश तिथेच ठरतं. म्हणून भाव नंतर विचारा; बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराचे, बोल्ट आणि डॉवेल पिना जुळतात का, ते आधी बघा.

सगळ्यात स्वस्त जोडणी म्हणजे जी करावीच लागत नाही ती. त्याच गाडीचं, त्याच प्रकारचं इंजिन मिळालं तर क्लच संच, पायलट बेअरिंग, गॅस्केट आणि मजुरी एवढ्यात भागतं. कागदपत्रांच्या बाजूनेही हाच एक मार्ग सरळ आहे, ते पुढे येईलच. दुसरा पर्याय म्हणजे वेगळं इंजिन घ्यायचं, पण त्याच्या स्वतःच्या बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्ससह. विकणाऱ्याने इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्याआधीच सौदा करा. एकदा गिअरबॉक्स एका दुकानात आणि स्टार्टर दुसऱ्या दुकानात गेला, की ती जोडी पुन्हा जमवताना वाचलेले पैसे उडतात. फोर बाय फोर जीपमध्ये मात्र हा मार्ग अडतो, कारण मागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस असते आणि ती नव्या गिअरबॉक्सला बहुधा बसत नाही.

तिसरा मार्ग अडॅप्टर प्लेटचा. एका बाजूला इंजिनची भोकं, दुसऱ्या बाजूला बेलहाउसिंगची, मधे लोखंड किंवा ॲल्युमिनियम. कच्च्या मालाचा हिशेब कुणालाही करता येतो. ४०० बाय ४०० मिलिमीटरचा, १६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा साधारण २० किलो भरतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा सात किलो. बाजारात किलोचा दर विचारा आणि गुणाकार करा. उत्तर फार तर दोन-अडीच हजारांच्या घरात येईल. मग टर्नर १५ हजार का मागतो? कारण तो मागतो ते केंद्र साधण्याचे, आणि खरंच साधून देणार असेल तर ती रक्कम रास्त आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीला असं काम करणारे मिळतात. साध्या प्लेटला आठ ते वीस हजार धरून चला.

केंद्र म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण मिस्त्री बहुतेक वेळा इथेच 'बसतंय की!' म्हणून पुढे सरकतो. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत हवेत. बोल्ट फक्त धरून ठेवतात. जागा ठरवतात त्या डॉवेल पिना, कारण बोल्टचं भोक बोल्टापेक्षा नेहमी थोडं सैल असतं. मोजायची रीत सोपी आहे. फ्लायव्हीलवर चुंबकाच्या स्टँडने डायल गेज बसवायचा, त्याची सुई बेलहाउसिंगच्या ज्या गोल भोकात गिअरबॉक्स बसतो त्याच्या आतल्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं. सुई एकंदर जेवढी हलली त्याच्या निम्मं अंतर म्हणजे केंद्राची चूक. सुईची हालचाल पाव मिलिमीटरच्या आत असावी, म्हणजे चूक सव्वाशे मायक्रॉनच्या आत राहते. चेहरा तिरका नाही ना ते बघायला सुई कडेऐवजी सपाट चेहऱ्यावर टेकवून तीच फेरी पुन्हा मारायची. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी प्लेट सैल बोल्टांवर ठेवून डायलवर केंद्र आणायचं, बोल्ट आवळायचे आणि मगच डॉवेलची भोकं रीमरने करायची. आधी भोकं पाडून नंतर मोजणारा कारागीर तुमच्या पैशांनी शिकतोय.

स्टँडसह डायल गेज दोन-तीन हजारांत येतो. मिस्त्रीकडे नसेल तर तुम्ही विकत घ्या. या कामातला हा सर्वांत किफायतशीर खर्च. न मोजता जोडलेल्या गाडीत क्लचप्लेटचं मधलं बोंड तुटतं, चालता चालता गिअर निसटतो, बेअरिंग खरखरतं, आणि प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे तीन ते सहा हजार मजुरी.

जाडीचा प्रश्न वेगळा. १६ मिलिमीटरची प्लेट घातली की गिअरबॉक्स तेवढा मागे सरकतो आणि इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत तेवढंच कमी पोचतं. मग लांब बुश करून घ्यावा लागतो. स्टार्टर बेलहाउसिंगवर बसणारा असेल तर त्याचे दात फ्लायव्हीलच्या रिंगपासून दूर जातात. रिलीज बेअरिंगचं अंतरही बदलतं. फ्लायव्हीलखाली स्पेसर घालून हे जुळवता येतं, पण मग बोल्ट लांब आणि त्याच दर्जाचे हवेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तिथे लावू देऊ नका. इंजिन ऑटोमॅटिक गाडीतलं असेल तर आणखी सावध. त्याला फ्लायव्हीलऐवजी पातळ पत्र्याची फ्लेक्सप्लेट असते, आणि क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंगचं भोक पुरतं केलेलं असेलच असं नाही. ते भोक करायला क्रँक उतरवून लेथवर चढवायची पाळी आली, तर तो सौदा सोडून दिलेला बरा.

क्लचप्लेट निवडताना दोन घरांचं ऐकावं लागतं. बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ठरवतात, आतले दाते गिअरबॉक्सचा शाफ्ट ठरवतो. जुन्या जीपच्या टी-९० गिअरबॉक्सचा शाफ्ट सव्वा इंचाला एक सूत कमी, दहा दात्यांचा. शाफ्टवर चढणारी आणि व्यासाला बसणारी प्लेट तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर क्लच दुरुस्तीवाले बोंड बदलून देतात. जीपच्या मापाचा संच तीन ते सात हजार, फ्लायव्हील घासून घेणं हजार-दीड हजार, पायलट बेअरिंग काहीशे रुपये. फ्लायव्हीलला पायरी असेल तर पायरीचे दोन्ही चेहरे सारखेच घासले पाहिजेत, हे टर्नरला तोंडाने सांगा.

बसवताना गिअरबॉक्स दोन बोटं मागे राहिला की बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. त्या क्षणी गॅरेजमध्ये हजर राहा. आवळल्याने बेलहाउसिंगचा कान तुटतो किंवा गिअरबॉक्सच्या वजनाने क्लचप्लेट वाकते. तो हाताने सरकत नसेल तर अडचण आत आहे.

गाडी सुरू झाल्यावर न्यूट्रलमध्ये कान द्या. पेडल सोडलेलं असताना आवाज आला तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर आला तर रिलीज किंवा पायलट बेअरिंगवर, कारण पायलट बेअरिंगला काम तेव्हाच पडतं. हे ऐकल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

गिअरबॉक्स मागे गेला की मागचा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो आणि फोर बाय फोरमध्ये पुढचा लांबवावा लागतो. बॅलन्सिंगसह प्रत्येकी दोन ते पाच हजार. पेट्रोलच्या जागी डिझेल बसवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. सीजे-३बी जीपचा डिफरन्शियल ५.३८ गुणोत्तराचा; ६.०० बाय १६ च्या टायरवर ताशी ६० ला टॉप गिअरमध्ये इंजिन सुमारे २,४०० फेरे घेतं, ८० ला ३,२०० च्या जवळ. जुनं डिझेल इंजिन तिथे आधीच ओरडत असतं. एकूण जोडणीला, इंजिन सोडून, २५ ते ५० हजार राखून ठेवा. हे आकडे अंदाजाचे आहेत, गावानुसार हलतील.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नोंद नसलेल्या इंजिनावर विमा कंपनी दावा नाकारू शकते, तो तोटा वेगळाच. म्हणून वेगळ्या जातीचं इंजिन घालायचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी आरटीओत लेखी विचारा.  त्याच प्रकारचं इंजिन घेताना विकणाऱ्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची प्रत मागा, आणि क्रमांक ब्लॉकवर स्वतः वाचून बिलाशी ताडून घ्या. खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर भाव कितीही कमी असो, इंजिन तिथेच ठेवा.